गळाला नोकरीचं आमिष

नागपूरच्या ब्राह्मोस एरोस्पेसमधल्या एका तरुण अभियंत्याला २०१७ साली लिंक्डइनवर ‘सेजल’ भेटली. ब्रिटनमध्ये विमान उद्योगासाठी माणसं निवडण्याचं काम करते, अशी तिची ओळख. फेसबुकवर आणखी दोन ‘मैत्रिणी’ होत्या. पण घात झाला तो सेजलमुळे, आणि तिचा विषय होता नोकरी. तिनं पाठवलेल्या लिंक त्यानं उघडल्या आणि ‘क्यूव्हिस्पर’, ‘चॅट टू हायर’, ‘एक्स-ट्रस्ट’ ही तीन ॲप आपल्या लॅपटॉपवर घेतली. तिन्ही ॲप लॅपटॉपमधली माहिती परस्पर पळवणारी होती. त्यातल्या मधल्या ॲपचं नाव पुन्हा एकदा वाचून पाहा. ऑक्टोबर २०१८मध्ये त्याला हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली आणि बातम्यांत शब्द झळकला तो ‘हनीट्रॅप’.

या शब्दानं गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपली बरीच दिशाभूल केली आहे.

तसं पाहिलं तर इशारा फार आधी मिळाला होता. २००९च्या अखेरीस टॉमस रायन या अमेरिकी सुरक्षातज्ज्ञानं ‘रॉबिन सेज’ नावाची बाई इंटरनेटवर उभी केली. वय २५, अनुभव १० वर्षांचा! हा हिशेब जुळत नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. महिन्याभरात लष्कर, गुप्तहेर खातं आणि सुरक्षा कंपन्यांतले सुमारे ३०० जण तिच्या ओळखीचे झाले. काहींनी तिला नोकरी देऊ केली. हा प्रयोग होता, म्हणून सगळं हसण्यावारी गेलं.

पुढचे प्रकार हसण्यासारखे नव्हते. डिसेंबर २०१५मध्ये भटिंड्याच्या तळावरचा हवाई दलाचा एक कर्मचारी पकडला गेला. फेसबुकवरच्या ‘दामिनी’ला म्हणे ब्रिटनमधल्या नियतकालिकासाठी माहिती हवी होती, आणि त्या माहितीचे पैसेही मिळणार होते. जानेवारी २०१९मध्ये जैसलमेरच्या जवानाला अटक झाली, तेव्हा समोरची ‘अनिका चोप्रा’ स्वतःला लष्करी परिचर्या सेवेतली कॅप्टन म्हणवत होती. मधाचं बोट लावलं जात होतंच, पण बोट कुणाचं? कधी संपादकाचं, कधी सहकाऱ्याचं, कधी नोकरी देणाऱ्याचं.

परदेशात तर मधाचीही गरज उरली नाही. सीआयएचा माजी अधिकारी केविन मॅलरी कर्जात होता. फेब्रुवारी २०१७मध्ये चिनी हस्तकानं लिंक्डइनवरून त्याला गाठलं. हेरगिरीच्या कटाबद्दल मे २०१९मध्ये मॅलरीला २० वर्षांची शिक्षा झाली. सिंगापूरच्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्यानं खोटी सल्लागार संस्था काढून नोकरीची जाहिरात दिली. ४००हून अधिक अर्ज आले आणि त्यातले जवळजवळ ९० टक्के अमेरिकी लष्कर व सरकारशी संबंधित, गोपनीय कामाची परवानगी असलेल्यांचे होते. लोकांनी आपापली कुंडली स्वतःच पाठवली! जुलै २०२०मध्ये त्यानं चिनी गुप्तचरांसाठी काम केल्याचा गुन्हा कबूल केला.

आपल्याकडचा उपाय म्हणजे बंदी. डिसेंबर २०१९मध्ये नौदलाचे सात जण पकडले गेल्यावर तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन व फेसबुक बंद झालं. जुलै २०२०मध्ये लष्करानं जवानांना फोनमधली ८९ ॲप काढून टाकायला सांगितली. एक लेफ्टनंट कर्नल त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये याचिका फेटाळली गेली. बंदीनं सोपी वाट बुजते, हे खरं. पण प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, कंत्राटदाराचा अभियंता, कालच निवृत्त झालेला अधिकारी यांच्या खिशातला फोन तसाच राहतो. मे २०२३मध्ये पुण्यात डीआरडीओच्या दिघी इथल्या प्रयोगशाळेचे संचालकच हेरगिरीच्या आरोपावरून पकडले गेले, निवृत्तीला काही महिने असताना. पद मोठं म्हणून सावधपणा मोठा, असं गृहीत धरून चालत नाही.

ब्रिटनच्या एमआय ५ या गुप्तचर संस्थेनं एप्रिल २०२१मध्ये वेगळी वाट धरली. पाच वर्षांत किमान १०,००० ब्रिटिश नागरिकांना अशा खोट्या खात्यांनी गाठल्याचं सांगून ‘जोडण्याआधी विचार करा’ अशी मोहीम काढली. खोटं खातं ओळखा, धोका जाणा, कार्यालयाला कळवा, यादीतून काढा, असा साधा पाढा होता. त्यात ‘कळवा’ला सर्वाधिक मोल आहे. जिथे कळवणाऱ्याकडे आधी आरोपी म्हणून पाहिलं जातं, तिथे कोण कळवेल? अर्थात ही मोहीम असूनही ऑक्टोबर २०२३पर्यंत ब्रिटनचा आकडा २०,०००च्या वर गेला.

नागपूरच्या अभियंत्याला जून २०२४मध्ये सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली. डिसेंबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हेरगिरीच्या आरोपांतून त्याची सुटका केली आणि गोपनीय माहिती सांभाळण्यातल्या निष्काळजीपणाबद्दलची तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. तेवढी त्यानं केव्हाच भोगली होती.