गिधाडे, तापलेली हवा आणि टेलिफोटो लेन्स

झाशीच्या इलाइट चौराह्यावरून ओरछ्याला निघणारा मराठी प्रवासी बहुधा किल्ला आणि राणीमहाल पाहून मोकळा झालेला असतो. पंधरा-वीस किलोमीटरवर, बेतवेच्या काठी, बुंदेला राजांच्या छत्र्या उभ्या आहेत. या छत्र्यांच्या उंच भागांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. पंखांचा पसारा सुमारे दोन मीटर असलेला पक्षी उघड्यावर बसलेला असतो आणि हाती ४०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स असते. तरीही घरी येऊन छायाचित्र संगणकावर मोठे करून पाहावे, तो पिसांच्या जागी नुसता तपकिरी धूसरपणा! मग दोष लेन्सच्या माथी मारला जातो आणि त्याहून महाग लेन्सची चौकशी सुरू होते.

पुष्कळदा खरा दोष मधल्या हवेचा असतो. बुंदेलखंडातील दगड आणि जमीन उन्हाने लवकर तापते. तिच्यालगतची गरम हवा वर चढते, थंड हवेत मिसळते आणि त्या सरमिसळीतून येणारा प्रकाशकिरण सतत किंचित वळत राहतो. भर उन्हात डांबरी रस्ता थरथरताना दिसतो, तोच हा प्रकार. साध्या डोळ्यांना न जाणवणारी ही थरथर टेलिफोटो लेन्स पक्ष्याबरोबरच मोठी करून दाखवते. तिच्यावर तिपाईचा उपाय चालत नाही, आणि पैशाचाही नाही. अंतर कमी करणे किंवा वेळ बदलणे, एवढेच हाती उरते.

येथे गिधाडाच्या स्वभावाची एक गंमत लक्षात घ्यावी लागते. हा जड पक्षी पंख मारून फार काळ उडत नाही. जमीन तापून हवा वर चढू लागेपर्यंत तो बसून राहतो. म्हणजे ज्या हवेवर गिधाड चढते, तीच छायाचित्र बिघडवते. म्हणून बसलेल्या गिधाडाचे चित्र सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासा-दीड तासात टिपावे. उड्डाणासाठी पक्षी नुकतेच हलू लागतात तो थोडा वेळ साधावा आणि शक्यतो डोक्यावरून जाणारा पक्षी निवडावा; वर पाहताना तापलेल्या जमिनीलगतचा थर आड येत नाही.

उरलेला धूसरपणा हाताच्या कंपाचा असतो. जितक्या मिलिमीटरची लेन्स, निदान तितक्याव्या भागाएवढा शटरचा वेग, हा जुना नियम आजही उपयोगी आहे. ४०० मिलिमीटरला १/४०० सेकंद; लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात १/६००; उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० किंवा त्याहून अधिक. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा हाताचा कंप सावरते, पक्ष्याची हालचाल नव्हे. वेग वाढवण्यासाठी आयएसओ वाढवण्यास नवखे छायाचित्रकार कचरतात, ते अनाठायी आहे. चित्रातील दाणे पुढे कमी करता येतात, हललेले चित्र मात्र सुधारत नाही. मोटारीच्या खिडकीत धान्य भरलेली कापडी पिशवी ठेवून तीवर लेन्स टेकवावी आणि इंजिन बंद करावे. स्वस्त फिल्टर काढून ठेवलेला बरा.

फोकस डोळ्यावरच हवा. ४०० मिलिमीटर लेन्स एफ ५.६ वर असताना दहा मीटरवरील पक्ष्याचा जेमतेम वीतभर भाग स्पष्ट येतो. छातीवर फोकस गेला, तर चोच हातची जाते. मागे उजळ आकाश असल्यास एक्स्पोजर एक टप्पा वाढवावे, नाहीतर गिधाडाची नुसती काळी आकृती उमटते.

अंतर कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे छत्रीवर चढून घरट्याजवळ जाणे. येथे छायाचित्रकाराने हात आखडता घ्यावा. हिवाळ्यातील विणीच्या हंगामात गिधाडाची मादी एकच अंडे घालते. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेला आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची गिधाडे मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. परंतु वर्षाकाठी एक पिल्लू, या गतीने ही तूट सहजी भरून निघत नाही. माणूस जवळ आल्याने पक्षी अंड्यावरून उठला, तर ते अंडे उघडे पडते.

त्यापेक्षा बेतवेचा पूल ओलांडून पलीकडच्या काठावर जावे. तेथून अंतर वाढते हे खरे. पण सकाळी सूर्य पाठीशी असतो, छत्र्यांचा दगड उजळलेला असतो आणि हवा अजून थंड असते. पक्षी चौकटीत लहान दिसेल, पण त्याच्यासोबत छत्रीही येईल.