चौकच्या पंपावरचा भाव कोण ठरवतो?

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल मागे टाकले, की काही वेळाने चौक येते. गावाचे नाव सार्थ आहे. सरळ जाणारी वाट खोपोलीवरून बोरघाट चढते, डावीकडची कर्जतला वळते. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि पुष्कळ गाड्या तिकडे गेल्या. तरी मालमोटारी आणि सुटीसाठी कर्जत-माथेरानकडे निघालेली कुटुंबे यांची सोबत या रस्त्याने सोडलेली नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. बिछाना आणि शेगडी गाडीतच घेऊन हिंडण्याची हौस आता आपल्याकडेही मूळ धरू पाहते आहे. अशी जड गाडी डिझेल भरपूर पिते. मग टाकी घराजवळ भरायची की वाटेत, यावर प्रवास सुरू होण्याआधीच घरात दोन पक्ष पडतात.

यातला एक समज फार जुना आहे : ‘शहराची हद्द ओलांडा, मग भरा, स्वस्त पडते.’ तो खोटा नव्हता. बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या महापालिकांच्या हद्दीत राज्याचा कर जास्त होता. तिथे डिझेलवर २४ टक्के, तर रायगडच्या ग्रामीण भागात २१ टक्के. पेट्रोलवर तिथे २६ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, तर इकडे तेवढ्याच पैशांखेरीज २५ टक्के. करापूर्वीची किंमत ७० रुपये धरली, तर डिझेलमधला फरक लिटरला २ रुपये १० पैसे होई. साठ लिटरची टाकी भरणाऱ्याचे सव्वाशे रुपये वाचत.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने मुंबई परिसराचे दर खाली आणून उर्वरित महाराष्ट्राइतके केले. १ जुलैपासून ते लागू झाले आणि करातली ही तफावत मिटली. सवय मात्र अनेकांची सुटलेली नाही. टाकीत थेंबभर तेल ठेवून चौकपर्यंत गाडी रेटणारे अजून भेटतात.

फलकामागचा हिशेब

पंपावरचा भाव पंपमालक ठरवतो, हाही असाच एक गैरसमज. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर भाव कंपनी कळवते; मालकाला लिटरमागे ठरलेले कमिशन मिळते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. रोज सकाळी सहाला नवा भाव लागू करण्याची पद्धत १६ जून २०१७ पासून देशभर आली. त्याच वर्षीच्या जुलैत वस्तू व सेवा कर आला. पेट्रोल-डिझेल त्याबाहेर राहिले. म्हणून राज्याची सीमा ओलांडली की भाव बदलतो.

फलकावरच्या आकड्यात तेलाची किंमत, डेपोपासूनची वाहतूक, केंद्राचे उत्पादन शुल्क, पंपाचे कमिशन आणि राज्याचा कर असे पाच वाटेकरी असतात. राज्याचा कर केंद्राचे शुल्क धरून आलेल्या रकमेवर बसतो, म्हणजे करावरही कर. दोन गावांच्या भावात आज जो पैशांचा फरक दिसतो, तो मुख्यतः वाहतुकीचा. खासगी कंपन्यांचे पंप आपला भाव वेगळा ठेवू शकतात, आणि ‘प्रीमियम’ तेल महागच असते. नळी हातात घेणाऱ्याला साधे हवे की प्रीमियम, ते आधीच सांगावे.

ट्रक थांबतात तिथे

‘ट्रकवाले जिथे भरतात तिथे स्वस्त’ हा तिसरा समज. अमेरिकेतल्या ट्रक थांब्यांवर रोखीचा भाव वेगळा, कार्डाचा वेगळा, मोठ्या वाहतूक कंपन्यांना सवलत वेगळी, असा प्रकार असतो. आपल्याकडे फलकावरचा भाव ट्रकला आणि मोटारीला एकच. मालमोटारींच्या मालकांकडे ‘स्मार्टफ्लीट’, ‘एक्स्ट्रापॉवर’, ‘ड्राइव्ह ट्रॅक प्लस’ यांसारखी कार्डे असतात. त्यांचा फायदा मोठ्या, नियमित खपावर मिळतो. वर्षातून चार सहली करणाऱ्याला त्याचा विशेष उपयोग नाही. ट्रकवाला थांबतो तो गाडी उभी करायला जागा, अंघोळीला पाणी आणि गरम जेवण मिळते म्हणून. आणि माप चोख असते म्हणून.

या शेवटच्या गोष्टीकडे कुटुंबांचे लक्ष सर्वांत कमी असते. लिटरमागे वीस पैसे कमी असलेला पंप शोधला, तर साठ लिटरला बारा रुपये वाचतात. माप शेकडा एकने कमी भरले, तर सहाशे मिलिलिटर डिझेल जाते. लिटरला ९० रुपये धरले तरी हे चोपन्न रुपये झाले. म्हणून मीटरवर शून्य आल्याचे आपल्या डोळ्यांनी पाहावे. शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागावे. ते पंपावर ठेवावेच लागते आणि ग्राहकाने मागितल्यास मोजून दाखवावे लागते. वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का त्यावर असतो. पेट्रोलची शुद्धता पाहण्यासाठी गाळणकागदही मागता येतो. यात भांडणाचा सूर नको. भाजी घेताना आपण काट्याकडे पाहतोच ना?

पुण्याकडे जाणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. खोपोलीनंतर घाट आहे, आणि चढणीला सपाटीपेक्षा तेल जास्त जळते. भरलेली घरगाडी आणि रिकामी टाकी घेऊन बोरघाटात शिरण्यात शहाणपण नाही. गाडीच्या खणात एक छोटी वही असावी. प्रत्येक वेळी लिटर, रुपये आणि किलोमीटर लिहावेत. नोंद मुलांकडे सोपवली तर त्यांचाही वेळ जातो. चार-पाच सहली झाल्या, की कोणत्या पंपावरचे तेल गाडीला किती पुरते, ते वहीच सांगू लागते.