अपडेट, रीस्टार्ट आणि आपला खोळंबा

मल्लेश्वरममध्ये आमच्या घराजवळ झेरॉक्सचे एक छोटे दुकान आहे. प्रिंट काढणे, परीक्षेचे आणि सरकारी अर्ज भरून देणे ही कामे तिथे दिवसभर चालतात. एका संध्याकाळी एका मुलीचा प्रवेश-अर्ज जवळजवळ भरून झाला होता. तेवढ्यात पडदा निळा झाला, त्यावर अपडेट चालू असल्याची टक्केवारी दिसू लागली आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे सगळेच ताटकळत बसले. अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागला. दुकानदाराने मला कन्नडमध्ये विचारले, "सर, तुम्ही कॉम्प्युटर शिकवता ना? मग हे असे का होते, ते सांगा." माझे उत्तर पूर्ण होण्याआधीच त्याने आपला उपायही सांगून टाकला: दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या मुलाकडून तो सगळी अपडेट्स कायमची बंद करून घेणार होता.

त्याची तक्रार खरी होती, पण उपाय धोक्याचा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे या टिपणात पाहू.

१. अपडेटला रीस्टार्ट का लागतो?

प्रोग्राम डिस्कवर फाइलच्या रूपात असतो, पण चालतो तो मेमरीमधून. डिस्कवरची फाइल बदलली म्हणून मेमरीतला चालू प्रोग्राम आपोआप बदलत नाही. तो बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत जुन्याच सूचना पाळत राहतो. सगळ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

विंडोजमध्ये आणखी एक अडचण येते. एखादी प्रोग्राम-फाइल वापरात असेल, तर विंडोज तिच्यावर दुसरे काही लिहू देत नाही. प्रणालीच्या मुख्य फाइल्स तर संगणक चालू असेपर्यंत वापरातच असतात. म्हणून नव्या फाइल्स आधी बाजूला आणून ठेवल्या जातात आणि त्यांच्या अदलाबदलीची यादी रजिस्ट्रीत नोंदवली जाते. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना, कोणी त्या फाइल्स वापरायला घेण्याआधीच, ही अदलाबदल उरकली जाते.

लिनक्सची रीत वेगळी आहे. तिथे फाइलचे नाव आणि फाइलचा मजकूर या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. नाव म्हणजे दारावरची पाटी आणि मजकूर म्हणजे घर, असे समजा. अपडेट येते तेव्हा पाटी काढून नव्या घरावर लावली जाते. जे प्रोग्राम आधीच आत शिरलेले असतात, ते जुन्या घरातच राहतात. ते सगळे बाहेर पडले की मग जुने घर पाडले जाते. त्यामुळे लिनक्समध्ये अपडेट विनाअडथळा होते. पण लक्षात घ्या, जुन्या घरातला प्रोग्राम अजून जुनाच आहे आणि त्यातली चूकही तशीच आहे. तो पुन्हा सुरू केल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही. "लिनक्सला रीस्टार्ट लागत नाही" हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे.

चालू कर्नलमध्येच दुरुस्ती करण्याची सोय २०१५ मध्ये लिनक्सच्या ४.० आवृत्तीत आली. मात्र ती छोट्या दुरुस्त्यांपुरती आहे. मेमरीतल्या माहितीची रचनाच बदलणार असेल, तर रीस्टार्ट बहुधा टळत नाही.

विद्यार्थी नेहमी विचारतात, "सर, मी रोज रात्री संगणक बंद करतो, तरी तो रीस्टार्ट का मागतो?" विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल, तर नेहमीच्या पद्धतीने संगणक बंद करताना कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे कर्नलच्या दृष्टीने संगणक खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो. 'रीस्टार्ट' निवडल्यावर मात्र सगळे पहिल्यापासून सुरू होते.

२. ब्राउझरचे दुखणे थोडे वेगळे

आजचा ब्राउझर हा एकच प्रोग्राम नसतो. एक मुख्य प्रोसेस असते आणि टॅबसाठी, चित्रे रेखाटण्यासाठी, नेटवर्कसाठी वेगवेगळ्या उपप्रोसेस असतात. एका संकेतस्थळाने घोटाळा केला तर तो बाकीच्यांपर्यंत पोहोचू नये, हा त्यामागचा हेतू.

आता समजा, सकाळी ब्राउझर उघडला आणि दुपारी डिस्कवर नवी आवृत्ती आली. तुम्ही नवा टॅब उघडता. मुख्य प्रोसेस जुनी, पण नव्या टॅबची प्रोसेस डिस्कवरून येणार, म्हणजे नवी. दोघींची आपसातली भाषा जुळेलच याची खात्री नाही. लिनक्सवर फायरफॉक्स अशा वेळी नवा टॅब उघडण्याऐवजी "आधी रीस्टार्ट करा" असे सांगणारे पान दाखवतो, ते याच कारणाने.

क्रोमने यावर दोन युक्त्या केल्या आहेत. विंडोजवर प्रत्येक आवृत्ती तिच्या क्रमांकाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. त्यामुळे चालू ब्राउझर जुन्या फोल्डरमधून काम करत राहतो आणि नवी आवृत्ती शेजारी तयार असते. लिनक्सवर ब्राउझर सुरू होतानाच 'झायगोट' नावाची एक प्रोसेस तयार करून ठेवली जाते आणि पुढचे टॅब तिच्याच प्रतीतून जन्म घेतात. डिस्कवर काहीही बदलले तरी सगळी भावंडे एकाच आवृत्तीची राहतात.

या युक्त्यांमुळे खोळंबा टळतो, पण धोका वाढू शकतो. काहीच अडत नसल्यामुळे वापरणारा आठवडाभर ब्राउझर बंदच करत नाही आणि जुनी, सदोष आवृत्ती चालू राहते. म्हणून क्रोमच्या कोपऱ्यात ते सूचनेचे चिन्ह येते आणि दिवस जातील तसा त्याचा रंग हिरव्याकडून तांबड्याकडे जातो.

३. एवढी घाई कशाला?

दुरुस्ती प्रसिद्ध होणे म्हणजे चूक नेमकी कुठे होती हे जगाला कळणे. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून तुलना केली की हल्लेखोराला दाराचा पत्ता मिळतो. क्रोमियमचा मूळ कोड तर सर्वांसाठी खुला आहे. दुरुस्ती कोडमध्ये आधी दिसते आणि वापरणाऱ्यापर्यंत नंतर पोहोचते. मधले हे दिवस कमी करण्यासाठी क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षा-अपडेट्स दर आठवड्याला देण्यास सुरुवात केली.

उशिराची किंमत किती असते, हे २०१७ साली दिसले. विंडोजमधील एका गंभीर दोषावरची दुरुस्ती १४ मार्चला आली होती. १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, 'वॉनाक्राय'ने तोच दोष वापरून जगभरातील संगणक कुलूपबंद केले. पुढे २७ जूनला 'नॉटपेट्या' आले. त्याचा फटका आपल्या न्हावा-शेव्यालाही बसला. जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मार्स्क समूहाच्या कंपनीकडून चालवले जात होते. समूहाची संगणक-यंत्रणा कोलमडल्यामुळे तिथले कामकाज ठप्प झाले. समूहाच्या अध्यक्षांनी नंतर सांगितले की त्यांना सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

पण या घटनेचा दुसरा अर्धा भागही वर्गात सांगायलाच हवा. नॉटपेट्या मुळात पसरले ते युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी अपडेट देणारा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. एकदा आत शिरल्यावर ते मार्चमध्ये दुरुस्त झालेल्या दोषाचा आणि चोरलेल्या पासवर्डांचाही वापर करत शेजारच्या संगणकांवर गेले. म्हणजे एका अपडेटमुळे रोग आला आणि दुसरे अपडेट न केल्यामुळे, निदान काही प्रमाणात, तो फोफावला.

४. अपडेटच चुकले तर?

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने एक सदोष फाइल सर्वत्र पाठवली. ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते. देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. बिघडलेला संगणक नीट सुरूच होत नसल्याने अनेक ठिकाणी एकेका संगणकापाशी जाऊन ती फाइल पुसावी लागली. सगळ्यांना एकाच वेळी न देता आधी थोड्या संगणकांवर चालवून पाहिली असती, तर नुकसान थोडक्यात आटोपले असते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काही जणांच्या स्वतःच्या फाइल्स पुसल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने ते वितरण थांबवले आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा दिले. अशा प्रसंगांनंतर "अपडेट नकोच" असे म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणे योग्य नाही.

५. तक्रार नेमकी कशाबद्दल करावी?

आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. रीस्टार्ट लागणे ही तांत्रिक गरज आहे. तो कधी व्हावा, हा मात्र कोणीतरी घेतलेला निर्णय आहे, आणि तक्रार करायची ती या निर्णयाबद्दल. अशा तक्रारींनंतर विंडोज १० मध्ये बदल होत गेलेलेही दिसतात. २०१५ मध्ये 'होम' आवृत्तीत अपडेट नाकारण्याची सोयच नव्हती. २०१६ मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' आले. दिवसातले १२ तास कामाचे म्हणून राखून ठेवता येऊ लागले आणि २०१७ मध्ये ते १८ झाले. २०१९ पासून 'होम' वापरणाऱ्यालाही अपडेट एका वेळी सात दिवस, एकूण ३५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येऊ लागले.

तक्रारीचा दुसरा मुद्दा असा की सुरक्षेची दुरुस्ती आणि दिसण्यातले बदल एकाच पुडीत बांधून दिले जातात. बटणाची जागा बदललेली बघून वैतागलेला माणूस पुढची दुरुस्तीही टाळतो. फायरफॉक्सची दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती याच कारणासाठी उपयोगी पडते: तिच्यात वैशिष्ट्ये साधारण वर्षभर स्थिर राहतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र येत राहतात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी एक व्यावहारिक सूचना. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. तिकडची सकाळ म्हणजे आपल्याकडची रात्र, त्यामुळे इथे त्यांचा त्रास बुधवारी सकाळपासून जाणवतो. प्रात्यक्षिक परीक्षा त्या आठवड्यात असेल, तर अपडेट परीक्षेपुरते ठरवून थांबवा. परीक्षा संपली की आधी चार-पाच संगणकांवर करा, दोन दिवस पाहा, मग सगळीकडे करा.

आणि उद्या तुम्ही स्वतः सॉफ्टवेअर लिहाल, तेव्हा ते कधीही बंद पडू शकते असे धरूनच लिहा. अर्ज भरणाऱ्याचा मजकूर दर काही सेकंदांनी जपून ठेवला, तर रीस्टार्टमुळे जातात ती फक्त वीस मिनिटे. त्या मुलीच्या अर्जात ती सोय असती, तर चूक कोणाची हा प्रश्नच आला नसता.

त्या दुकानदाराचे अपडेट आम्ही बंद केले नाही. सकाळी सात ते रात्री दहा हे तास राखून ठेवले आणि दुकान बंद करताना दर बुधवारी व शनिवारी 'रीस्टार्ट' करायचे, असे कॅलेंडरवर लिहिले. त्याच्या संगणकावर रोज कितीतरी अनोळखी माणसे आपले पासवर्ड टाइप करतात, आधार कार्डाच्या प्रती ठेवून जातात. तो संगणक जुना राहिला, तर नुकसान त्याचे एकट्याचे होणार नाही, हे सांगितल्यावर त्याला अधिक काही समजवावे लागले नाही.

स्वाध्याय

१. वापरात असलेली प्रोग्राम-फाइल बदलताना विंडोज आणि लिनक्स काय करतात? फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. लिनक्सवर ब्राउझर चालू असताना त्याचे अपडेट करा. चालू प्रोसेसच्या मेमरी-नकाशात कोणत्या फाइल्सपुढे 'डिलीटेड' असे दिसते ते पाहा आणि कारण सांगा.

३. तुमच्या विभागातील ६० संगणकांसाठी महिन्याचे अपडेट-वेळापत्रक तयार करा. परीक्षेचे दिवस त्यात दाखवा.

४. "अपडेट देणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो." नॉटपेट्या आणि क्राउडस्ट्राइक या दोन घटनांच्या आधारे या विधानाची चर्चा करा.