लढाई ७७८ची, आठवण ११००ची!

१५ ऑगस्ट ७७८. फ्रँकांचा राजा शार्लमेन स्पेनच्या मोहिमेवरून परतत होता. पिरिनीज पर्वतात रॉन्सेव्होच्या खिंडीत त्याच्या सैन्याची पिछाडी कापली गेली. कुणी कापली? डोंगरातल्या बास्क लोकांनी. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड हे सरळ लिहून गेलाय. गंमत म्हणजे शार्लमेन स्पेनात गेला होता तोच मुळी एका मुस्लिम सरदाराच्या बोलावण्यावरून, दुसऱ्या मुस्लिम सत्ताधीशाविरुद्ध! मग सुमारे ११०० साली ‘रोलाँचं गीत’ आलं आणि बास्क गायब झाले. त्यांच्या जागी उभं राहिलं चार लाखांचं मुस्लिम सैन्य. त्या पिछाडीत मारला गेलेला, आइनहार्डनं एका ओळीत उरकलेला सरदार रोलाँ आता चार हजार ओळींच्या काव्याचा नायक! युरोपानं शतकानुशतकं आठवणीत जपलं ते हेच.

कोवादोंगाचे आकडे तर थक्क करतात. उत्तर स्पेनच्या डोंगरातल्या या ठिकाणी ७२०च्या सुमारास ख्रिस्ती आणि मुस्लिमांची लढाई झाली म्हणतात. ७५४ साली एका ख्रिस्ती लेखकानं लिहिलेल्या लॅटिन बखरीत तिचा उल्लेखसुद्धा नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस तिसऱ्या अल्फोन्सो राजाच्या बखरीत मात्र १,२४,००० मुस्लिम शत्रू जागीच ठार, आणि पळालेले ६३,००० डोंगर कोसळून नदीत गडप! अल्फोन्सोच्या राजघराण्याला स्पेनच्या जुन्या गॉथ राजांचा वारसा सांगायचा होता. म्हणून लढाईचं साल वाचलं की लिहिण्याचंही साल पाहावं. बखरींवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

स्पेनचा लाडका वीर एल सिद? ‘सिद’ हा शब्दच अरबी ‘सय्यिद’वरून आलाय. हद्दपारीत त्यानं सारागोसाच्या मुस्लिम राजाची चाकरी केली. लॅटिन चरित्र ती सांगतं, त्याच्यावरचं महाकाव्य गाळतं.

जेरुसलेम, जुलै १०९९. पहिल्या क्रुसेडच्या ख्रिस्ती सैन्यानं शहर जिंकलं. कत्तल झाली, भीषण झाली. पण त्या सैन्यासोबत आलेल्या रेमंड या धर्मगुरूच्या वृत्तान्तातलं ‘घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त’ बायबलच्या ‘प्रकटीकरणा’तून उचललेलं आहे. फुगवटा दोन्हीकडे होता: शतकभरानंतर लिहिणारा मुस्लिम इतिहासकार इब्न अल-अथीर सत्तर हजार मृत सांगतो, त्याच दशकात जेरुसलेममध्ये राहून गेलेला इब्न अल-अरबी तीन हजार. तीन हजार माणसं काय थोडी झाली?

आणि अरब या पश्चिमेकडच्या लढवय्यांना काय म्हणत? फ्रँकांवरून ‘फरंज’. तोच शब्द फारसीतून मराठीत आला, गोव्याच्या पोर्तुगीजांना चिकटला: फिरंगी!