घामाचा हिशेब घरच्या वजनकाट्यावर

परभणीच्या मे महिन्यात घाम दिसत नाही. पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी. जिंतूर रस्त्यावर सायकल हाणणाऱ्याचा घाम फुटता फुटता उडून जातो, टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे उरतात. पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर नेमकं उलट. तिथल्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, उडत नाही, म्हणून अंगही थंड होत नाही. २०१९ पासून इथेच गोव्याची ‘आयर्नमॅन ७०.३’ भरते: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. लांब पल्ल्याची पहिली ट्रायथलॉन म्हणून परभणीकराने हिची तयारी करायची, तर पाण्याचा बेत दोन्ही हवा ओळखून करावा लागतो.

‘तासाला इतके ग्लास’ असा तयार आकडा कुणाकडून उसना घेऊ नये. एकाच रस्त्यावर, एकाच वेगात कुणी तासाला अर्धा लिटर घाम गाळतो, तर कुणी दोन लिटर. स्वतःचा आकडा काढायला घरचा वजनकाटा पुरतो. लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा, शर्यतीच्या वेगाने तासभर सायकल चालवा, अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा ७० किलोचे ६९.४ झाले आणि मधे अर्धा लिटर प्यायलात, तर घाम गेला १.१ लिटर. हीच मोजणी धावण्यासाठी वेगळी करा. आणि ती मे महिन्यात नको, पावसाळ्यात करा. ऑगस्ट-सप्टेंबरातली परभणीची ओली हवा गोव्याच्या जास्त जवळची असते.

गेलेलं सगळं पाणी भरून काढायचं नसतं, हे नवख्याला सांगूनही पटत नाही. वजन दोन-तीन टक्के घटलं तर बहुतेकांना चालतं; शर्यतीत वजन वाढणं मात्र धोक्याचं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम पातळ होऊन लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी झालेलं आढळलं. त्यामागचं सर्वांत ठळक कारण होतं धावताना वाढलेलं वजन, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिणं. उन्हाळ्यात ‘पाणी पी, पाणी पी’ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे उलटं वाटतं, म्हणूनच ते इथे ठासून सांगतो.

पोहताना पिता येत नाही. खरी संधी सायकलवर: वरच्या उदाहरणातल्या माणसाने तासाला पाऊण ते एक लिटर, दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडं थोडं घ्यावं. धावताना पोट इतकं स्वीकारत नाही. अर्धा-पाऊण लिटर पुरे.

आता मीठ. लिटरभर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, कुणाचं त्याहून बरंच कमी-जास्त. लिटरभर लिंबूसरबतात अर्धा लहान चमचा मीठ घातलं की जवळपास तेवढं परत मिळतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. त्यावर भिस्त ठेवू नये. ओआरएसमागचं शास्त्र सुंदर आहे: आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि पाठोपाठ पाणी. १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत याच मिश्रणावर कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना जगवलं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज अवघं साडेतेरा ग्रॅम. शर्यतीत तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणून खाणं वेगळं हवं. रक्तदाब वा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मिठाचा बेत डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

शर्यतीच्या सकाळी, तीन-चार तास आधी, सत्तर किलोच्या माणसाने चारशे-पाचशे मिलिलिटर प्यावं. त्याहून जास्त ढोसू नये. वाटेत डोकं दुखू लागलं म्हणून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. मळमळ, चक्कर, डोकेदुखी पाणी कमी पडल्यावरही होते आणि जास्त झाल्यावरही. बोटं सुजून अंगठी रुतायला लागली, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर पाणी थांबवून थेट वैद्यकीय तंबू गाठा. सकाळचं वजन बिबच्या, म्हणजे स्पर्धक क्रमांकाच्या पट्टीच्या, मागे लिहून ठेवलेलं असेल, तर तिथल्या डॉक्टरांना सलाईन लावायचं की पाणी तोडायचं हे ठरवताना त्याची मोठी मदत होते.