इंजिनाची वाट पाहणारी विमाने

फॉके-वुल्फ १९० हे जर्मन लढाऊ विमान १ जून १९३९ रोजी पहिल्यांदा उडाले. त्याचा रचनाकार कुर्ट टँक स्वतःच चाचणी वैमानिकही होता. जर्मनीचे आधीचे लढाऊ विमान मेसरश्मिट १०९ ज्यावर उडत होते, ती द्रवाने थंड होणारी डाइमलर-बेंझ इंजिने दुसऱ्या विमानासाठी सहज मिळण्यासारखी नव्हती. म्हणून टँकने हवेने थंड होणारे, वर्तुळात सिलिंडर मांडलेले बीएमडब्ल्यूचे इंजिन निवडले. विमान काटक होते आणि बाजूला कलंडण्यात चपळ होते. मात्र सहा हजार मीटरच्या वर गेले की त्याचा दम कमी पडू लागे.

कारण हवेतच आहे. सहा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मी उरते आणि दहा किलोमीटरवर एक तृतीयांश. हवा विरळ, म्हणजे प्राणवायू कमी, म्हणजे पेट्रोलचे ज्वलन कमी. फुंकणीने चुलीत हवा घालावी तसा सुपरचार्जर हा पंखा सिलिंडरमध्ये हवा कोंबतो, पण त्यालाही मर्यादा असते. १९४३ पासून अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने सात-आठ किलोमीटर उंचीवरून जर्मनीत घुसू लागली, तेव्हा ही मर्यादा जीवघेणी ठरली.

त्यातून १९४४ मध्ये ‘डी-९’ हा प्रकार आला. त्यात युंकर्सचे बारा सिलिंडरांचे, द्रवाने थंड होणारे जुमो २१३ इंजिन बसवले. बॉम्बफेकी विमानांत वापरतात तसा कड्यासारखा गोल रेडिएटर त्याच्या तोंडाशी होता. त्यामुळे समोरून पाहताना जुनेच इंजिन असल्याचा भास होई. इंजिन लांब असल्याने नाक पुढे आले. बैलगाडीत माल पुढे जास्त भरला की ती धुरजड होते आणि मागे जास्त झाला की उलाळते. विमानाचेही तसेच असते. तोल साधण्यासाठी टँकने शेपटीआधी सुमारे अर्धा मीटर लांबीचा एक सरळ तुकडा घातला. हा तुकडा या विमानाच्या छायाचित्रांत सहज ओळखू येतो. नवा सांगाडा घडवायला वेळ नव्हता, म्हणून जुनाच असा जोड देऊन वाढवला.

मेसरश्मिट १०९ मध्येही हेच चालले होते. ‘जी’ मालिकेत मशीनगन मोठ्या झाल्या, तशी इंजिनाच्या आवरणावर टेंगळे आली. शेवटच्या ‘के-४’ मध्ये ती बरीच गुळगुळीत केली गेली. दोन्ही विमानांत मिथेनॉल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून इंजिनात फवारण्याची सोय होती. पाण्याची वाफ होताना आत येणारी हवा गार होते आणि इंधन अवेळी पेटत नाही. त्यामुळे काही मिनिटे जादा ताकद मिळते. सतत वापरले तर इंजिनच खराब होते.

टँकचे खरे उत्तर ‘टीए १५२ एच’ हे होते. त्याच्या आडनावाची अक्षरे लावलेल्या या विमानाचे पंख साडेदहा मीटरवरून १४.४४ मीटरपर्यंत लांबवले होते. वैमानिकाची खोली हवाबंद होती आणि सुपरचार्जर दोन टप्प्यांचा. अति उंचीवर इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडला जाई. शस्त्रक्रियेत भूल देताना वापरतात तोच हा वायू. तापल्यावर तो फुटून प्राणवायू देतो. साडेबारा हजार मीटरवर हे विमान ताशी साडेसातशे किलोमीटरच्या आसपास जाऊ शके. पण १९४५ च्या जानेवारीत ते तुकडीत दाखल झाले, तोवर शंभरही विमाने तयार झाली नव्हती.

त्याच काळात मेसरश्मिट २६२ हे जेट विमान ताशी ८७० किलोमीटर गाठत होते. निकेल आणि क्रोमियमच्या टंचाईमुळे त्याच्या इंजिनात साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा मुलामा द्यावा लागला. दहा ते पंचवीस तासांत इंजिन बदलण्याची वेळ येई.

युद्धानंतर टँक अर्जेंटिनात गेला. तिथे त्याने जेट विमान उडवून दाखवले. १९५६ मध्ये तो बंगळुरूला, हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आला. पण जर्मन विमानशास्त्र तिथे त्याच्या आधीच पोचले होते, आणि तेही कोल्हापूरच्या माणसाच्या हातून. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्येच उडाले होते. टँकने तिथे आखलेल्या ‘मरुत’ या लढाऊ जेट विमानाचा विचार करताना त्याच्याइतकीच ही आधीची तयारीही मोजायला हवी.

मरुतची लाकडी, बिनइंजिनाची पूर्णाकृती प्रतिकृती १९५९ मध्ये डाकोटा विमानाच्या मागे दोर बांधून उडवण्यात आली. खरे मरुत १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी उडवले. ध्वनीच्या दुप्पट वेग हे उद्दिष्ट होते. त्यासाठी हवे असलेले अधिक ताकदीचे ब्रिस्टल ऑर्फियस इंजिन ब्रिटनमध्ये पुरे झालेच नाही. म्हणून सुमारे २,२०० किलो रेट्याच्या दोन साध्या ऑर्फियसवर भागवावे लागले. मग इजिप्तमध्ये फर्डिनांड ब्रांडनर घडवत असलेल्या ई-३०० इंजिनावर आशा ठेवली. हा अभियंता युद्धकाळात, जुमो २१३ बनवणाऱ्या युंकर्समध्येच होता. एक मरुत तिकडे चाचणीला गेले, पण १९६९ मध्ये तोही मार्ग बंद झाला. ध्वनीच्या दुप्पट वेग मरुतला कधीच गाठता आला नाही. इंजिनात मागे इंधन पेटवून ताकद वाढवण्याचा प्रयोग झाला, त्या विमानाला जानेवारी १९७० मध्ये अपघात होऊन सुरंजन दास मृत्युमुखी पडले.

तरीही एकूण १४७ मरुत बांधली गेली. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर जमिनीलगत मारा करताना ती भरवशाची ठरली. हवाई द्वंद्वात त्यांतले एकही पडले नाही. १९९० मध्ये शेवटचे मरुत निवृत्त झाले. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात एकेक मरुत ठेवले आहे. मागच्या बाजूला उभे राहिले की शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन ऑर्फियसची गोल तोंडे दिसतात.