देहातील धातू आणि बंदराचा दरवाजा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय 'प्रनष्टशल्यविज्ञानीय' या नावाचा आहे. शरीरात शिरून दिसेनासे झालेले शल्य कोठे आहे हे कसे जाणावे, याचे विवेचन त्यात येते. त्वचेत दडलेल्या शल्यासाठी गोठलेले तूप, माती किंवा चंदनाचा लेप लावावा. जेथे तूप लवकर वितळेल अथवा लेप लवकर सुकेल तेथे शल्य आहे असे समजावे, असा उपाय आचार्यांनी सांगितला आहे. पुढच्याच अध्यायात शल्य काढण्याचे पंधरा उपाय येतात व त्यांत अयस्कांताचा, म्हणजे लोहचुंबकाचाही समावेश आहे. विद्यार्थिदशेत हे सर्व आपण परीक्षेपुरते पाठ केले.

आज परिस्थिती उलटी झाली आहे. धातू आता शस्त्रवैद्य स्वतःच्या हाताने, रुग्णाच्या सुखासाठी शरीरात बसवितो; आणि तो शोधण्याचे काम विमानतळावर व बंदरावर उभा असलेला सुरक्षा जवान करतो. या दोघांच्या मध्ये रुग्ण उभा असतो आणि त्याच्या हातात पुष्कळदा आपण दिलेली चिठ्ठी असते. प्रस्तुत लेख त्या चिठ्ठीविषयी आहे.

आमच्या हातून झालेली चूक

डिसेंबर २०२३ मधील गोष्ट. आमचे जुने रुग्ण असलेले एक निवृत्त शिक्षक दांपत्य मुंबईहून क्रूझ जहाजाने गोव्याला जाण्यास निघाले होते. मुलाने हौसेने तिकिटे काढून दिली होती. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. निघण्यापूर्वी त्या दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, त्या मशीनमधून गेल्यावर माझ्या गुडघ्यांना काही होणार नाही ना? एक चिठ्ठी द्या की." गर्दीची वेळ होती. आम्ही लेटरहेड ओढले आणि लिहून दिले की, यांच्या गुडघ्यांत धातू असल्याने यांना मेटल डिटेक्टरमधून नेऊ नये.

हे वाक्य आम्ही कोणत्या आधारावर लिहिले, असे कोणी विचारले असते तर आमच्यापाशी उत्तर नव्हते. रुग्णाची भीती आम्ही वैद्यकीय मत म्हणून कागदावर उतरविली, एवढेच.

बंदरावर त्या चिठ्ठीने काकूंना थांबविले. दरवाजातून नेऊ नये असे वैद्याने लिहिले आहे, तर मग तपासणी कशी करावी, हा प्रश्न जवानाने वरिष्ठांकडे नेला. चिठ्ठीत शस्त्रक्रियेची तारीख नाही, कोणत्या रुग्णालयात झाली ते नाही, धातू कोणता तेही नाही. शस्त्रक्रियेचे कार्ड घरी कपाटात राहिलेले. सुमारे तासभर काकू उभ्या होत्या. ज्या गुडघ्यांच्या सुखासाठी चिठ्ठी घेतली, त्याच गुडघ्यांवर उभ्या होत्या. अखेर मुलाने मोबाईलवर क्ष-किरण चित्र पाठविले, काकू त्याच दरवाजातून गेल्या, दरवाजा वाजला, पडद्याआड महिला जवानाने हातातील यंत्राने तपासले आणि दोन मिनिटांत काम झाले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. काकूंची वाट पाहत काका दरवाजाच्या खांबालाच टेकून उभे होते. एका जवानाने त्यांच्या छातीवरच्या शर्टाचा उंचवटा पाहिला, पेसमेकर आहे का म्हणून विचारले आणि त्यांना हाताला धरून दूर खुर्चीवर बसविले. काकांना पेसमेकर बसविल्याला तीन वर्षे झाली होती. त्यांतील दोन वर्षे ते आमच्याकडे मलावष्टंभासाठी औषध घेत होते. आम्हांला ते ठाऊक नव्हते, कारण आम्ही कधी विचारलेच नव्हते. जिला चिठ्ठीची गरज नव्हती तिला आम्ही चुकीची चिठ्ठी दिली आणि ज्याला दोन शब्द सांगायला हवे होते त्याला काहीच सांगितले नाही. काकांना काही अपाय झाला नाही, हे त्यांचे सुदैव व आमचेही.

दरवाजा नेमके काय करतो

धातुशोधक दरवाजाच्या दोन्ही खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांतून क्षणोक्षणी दुबळे चुंबकीय स्पंद सोडले जातात. त्या क्षेत्रात विद्युत्वाहक धातू आला की त्याच्या पृष्ठभागी सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि त्या प्रवाहांचे प्रतिचुंबकीय क्षेत्र दरवाजा टिपतो. धातू चुंबकाला चिकटणारा असावा लागत नाही. तो विद्युत्वाहक असला की पुरे. म्हणूनच टायटॅनियम चुंबकाला दाद देत नसले तरी दरवाजा वाजू शकतो.

कृत्रिम गुडघ्यात मांडीच्या हाडावर बसणारा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा असतो, नडगीवरील तबक टायटॅनियमच्या किंवा त्याच कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे असते आणि मधली गादी पॉलिथिलीनची असते. एवढ्या धातूवर दरवाजा वाजणे स्वाभाविक आहे. खुब्याचा कृत्रिम सांधा, मांडीतील सळई, पाठीच्या कण्यातील दांडे यांचेही तसेच. याउलट हृदयाच्या धमनीतील स्टेंट, दातांचे रोपण किंवा शस्त्रक्रियेतील बारीक क्लिपा इतक्या लहान असतात की दरवाजा सहसा वाजत नाही. दरवाजाची संवेदनक्षमता कमी-अधिक ठेवता येते, म्हणून तोच गुडघा एका ठिकाणी वाजतो आणि दुसऱ्या ठिकाणी वाजत नाही. रुग्णाने त्यावरून 'वाटी सरकली की काय' असा तर्क काढू नये, हे त्याला आधीच सांगावे.

या स्पंदांनी सांध्यातील धातू तापत नाही, सैल होत नाही, सरकत नाही. म्हणून सांधा बदललेल्या रुग्णाला दरवाजातून जाण्यास मनाई करण्याचे वैद्यकीय कारण नाही.

एक प्रश्न आपल्याच रुग्णांकडून येतो: लोहभस्म किंवा सुवर्णकल्प घेत असल्यास दरवाजा वाजेल काय? वाजणार नाही. लोहभस्म हे प्रामुख्याने लोहाचे ऑक्साइड आहे, अखंड धातूचा तुकडा नव्हे. शिवाय मात्रा गुंज-दोन गुंजांची.

पेसमेकर असलेल्यांसाठी

येथे नियम निराळा आहे. पेसमेकरच्या निर्मात्यांचा सर्वसाधारण सल्ला असा की, रुग्णाने दरवाजातून नेहमीच्या चालीने जावे. मध्ये थांबू नये, खांबाला टेकू नये, जवळ रेंगाळू नये. हातातील तपासणी यंत्र पेसमेकरवर धरून ठेवू नये. त्याऐवजी हाताने तपासणी करावी अशी विनंती करावी. हृदयाला आवश्यक तेव्हा झटका देणारे यंत्र असलेल्यांनाही हेच लागू. मेंदू किंवा मज्जारज्जू उत्तेजित करणारी यंत्रे आणि कानातील रोपण यांबाबत मात्र त्या त्या यंत्राची पुस्तिका पाहून शस्त्रवैद्याचाच सल्ला घ्यावा. आपण अंदाजाने काही सांगू नये.

फार्मसीधारक बंधूंसाठी येथे एक सूचना. कंबरेचे व गुडघ्याचे चुंबकीय पट्टे, चुंबकाच्या माळा आपल्या काउंटरवर विकल्या जातात. चुंबक पेसमेकरच्या अगदी जवळ आल्यास ते यंत्र हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यांची दखल घेणे थांबवून ठरावीक गतीने चालू लागते. झटका देणारे यंत्र असेल तर त्याचे काम तेवढ्यापुरते बंद पडू शकते. बंदराच्या दरवाजातून रुग्ण दोन पावलांत पार होतो. चुंबकाची माळ मात्र दिवसभर छातीवर असते. विकण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्यास काही खर्च येत नाही.

जहाजाची रीत वेगळी का

ऑक्टोबर १९८५ मध्ये 'अकिले लाउरो' या इटालियन प्रवासी जहाजाचे अपहरण झाले, तेव्हापासून जहाजांच्या सुरक्षेचा विचार गांभीर्याने होऊ लागला. अमेरिकेतील २००१ च्या हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००२ मध्ये जहाज व बंदर सुविधांची सुरक्षा संहिता स्वीकारली आणि ती १ जुलै २००४ पासून अमलात आली. आज क्रूझच्या धक्क्यावर जी तपासणी दिसते तिच्या मुळाशी ही संहिता आहे.

विमानप्रवासात तपासणी बहुधा जाताना एकदा व येताना एकदा होते. जहाजाचे तसे नाही. प्रवासी ज्या ज्या बंदरात उतरून फिरून येतो, तेथे तेथे परत चढताना त्याची व त्याच्या पिशवीची तपासणी होते. म्हणजे तीन-चार बंदरांच्या सफरीत गुडघा तितक्या वेळा वाजणार आणि तितक्या वेळा रांगेत उभे राहावे लागणार. जेथे जहाज धक्क्याला लागत नाही, उदाहरणार्थ लक्षद्वीपच्या बेटांपाशी, तेथे लहान होडीत उतरून परत चढावे लागते. सांधा बदललेल्या रुग्णाला दरवाजापेक्षा या चढउताराचा त्रास अधिक. आपण त्याला प्रवासाचा सल्ला देतो तेव्हा हे ध्यानी ठेवावे. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची व बसण्याची सोय मागून घ्यावी असे सुचवावे.

चिठ्ठी कशी असावी

चिठ्ठी म्हणजे परवाना नव्हे. तिच्यामुळे तपासणी टळत नाही व टळूही नये. तपासणाऱ्याला जे यंत्राने कळणार आहे ते आधी नीटपणे कळविणे, एवढाच तिचा उपयोग. काकूंच्या प्रकरणानंतर आम्ही पुढील मजकूर ठरविला आहे:

"श्रीमती अमुक, वय अमुक, यांच्या उजव्या व डाव्या गुडघ्यावर अमुक साली अमुक रुग्णालयात सांधेबदल शस्त्रक्रिया झाली असून दोन्ही गुडघ्यांत धातूचा कृत्रिम सांधा आहे. हे आम्ही त्यांच्या शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांवरून लिहीत आहोत. दरवाजा वाजल्यास पुढील तपासणीस त्यांची हरकत नाही. त्यांना फार वेळ उभे राहणे त्रासाचे होते, कृपया बसण्याची सोय व्हावी."

यातील प्रत्येक वाक्य आपण पाहिलेल्या कागदावर किंवा आपल्या तपासणीवर उभे आहे. कागदपत्रे न पाहता अशी चिठ्ठी देऊ नये. जहाजावरील कर्मचारी अनेक देशांचे असतात, म्हणून मजकूर इंग्रजीत असावा. सोबत शस्त्रवैद्याने दिलेले रोपणाचे ओळखपत्र ठेवावे. पेसमेकरबाबत तर ते ओळखपत्रच मुख्य, आपली चिठ्ठी दुय्यम. क्ष-किरण चित्राचा फोटो मोबाईलमध्ये असावा. आणि रुग्णाला सांगावे की दरवाजा वाजण्याची वाट न पाहता जवानाला आधीच शांतपणे सांगावे व धातू कोठे आहे तेथे हाताने दाखवावे.

औषधांची पिशवी

त्याच रांगेत औषधेही तपासली जातात. मोठे सामान धक्क्यावरच जमा होते व खोलीत काही तासांनी पोहोचते, म्हणून औषधे हातातील पिशवीत द्यावीत. कागदाच्या बिननावाच्या पुड्यांत पांढरी, काळी, लाल भस्मे बांधून देण्याची आपली जुनी पद्धत प्रवासासाठी घातक आहे. मूळ सीलबंद डबी, लेबल, बिल आणि चिकित्सापत्र या चारही गोष्टी बरोबर असाव्यात. आसव-अरिष्टांत संधानाने उत्पन्न झालेले अल्कोहोल असते आणि बहुतेक बाटल्यांवर त्याचे प्रमाण छापलेले असते. जहाजकंपन्या बाहेरचे मद्य आणू देत नाहीत, त्यामुळे बाटली अडविली जाण्याची शक्यता राहते. आठ-पंधरा दिवसांसाठी अरिष्टाऐवजी वटी किंवा घनसत्त्व देणे सोयीचे. काढा करण्यासाठी विजेची शेगडी किंवा पाणी तापविण्याची कांडी नेण्यास सामान्यतः परवानगी नसते, हेही सांगावे. परदेशी बंदरांत उतरणाऱ्या रुग्णाबरोबर पारदयुक्त रसकल्प न देणे आम्हांला श्रेयस्कर वाटते.

केसपेपरवरील एक ओळ

या प्रसंगानंतर आमच्या केसपेपरवर एक ओळ वाढली आहे: 'शरीरात धातू वा यंत्र आहे काय? कोठे? केव्हापासून?' ती प्रवासापुरती नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. आज तालुक्याच्या गावातील दवाखान्यातही वाटी बदललेले रुग्ण नित्य येतात. बदललेल्या सांध्यावर अग्निकर्म, विद्धकर्म किंवा जलौकावचारण करून त्वचेला जखम करणे आम्ही टाळतो, कारण तेथे शिरलेला जंतुसंसर्ग कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचला तर शस्त्रक्रिया पुन्हा करण्याची पाळी येऊ शकते. पेसमेकरच्या जागी अभ्यंगात दाब देणेही टाळतो. ती एक ओळ भरलेली असली तरच हे सारे वेळेवर आठवते.

प्रश्नपरीक्षेचे महत्त्व आपल्या शास्त्राने आपल्याला शिकविले आहे. काकांच्या छातीवरील उंचवटा एका अनोळखी जवानाने क्षणात पाहिला; नाडी धरून दोन वर्षे त्यांच्यासमोर बसलेल्या आम्हांला तो दिसला नाही. वैद्यबंधूंनी आपापल्या केसपेपरवर ती ओळ आजच घालून घ्यावी, ही नम्र विनंती.